पाळणाघर चालवताना दिवस राहिले तर: रजेची आखणी तिसऱ्या महिन्यापासून

तुमच्याकडे येणाऱ्या तान्ह्या बाळाची आई बहुतेक वेळा २६ आठवड्यांची भरपगारी रजा संपवून कामावर रुजू होत असते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही मुदत १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. पण ही रजा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होते, आणि तीही नोकरदार बाईला. स्वतःच्या घरात सात-आठ मुलं सांभाळणारीला रजा मंजूर करणारं कोणी नसतं. रजा तिनेच ठरवायची, त्या काळाचे पैसे तिनेच उभे करायचे आणि सात घरांची सोय कुठे लागेल तेही तिनेच बघायचं.

हे जमतं. फिसकटतं ते बहुधा एकाच कारणाने: बंद करण्याची तारीख वेळेत ठरत नाही. ‘तब्येत साथ देईल तोवर चालवू’ असं म्हणता म्हणता आठवा महिना सरतो, रक्तदाब वाढतो, डॉक्टर आडवं पडायला सांगतात आणि एका रात्रीत सात घरी फोन करावे लागतात. मग आईबापही चिडतात, मुलंही तुटतात आणि अनामत रकमा एकदम परत मागितल्या जातात. म्हणून पुढचं सगळं एका तारखेभोवती बांधलेलं आहे.

तारीख कशी काढायची

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि प्रसूतीच्या तारखेपासून मागे मोजा. समजा डॉक्टरांनी १५ सप्टेंबर दिली आहे. चार आठवडे मागे गेलं की १८ ऑगस्ट येते. त्या दिवशी ३६ आठवडे पूर्ण होतात. तुमच्या पाळणाघराचा शेवटचा दिवस हाच धरा, यापुढचा नको. ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी बाई ३८ व्या आठवड्यापर्यंत जाते म्हणून आपणही जाऊ, हा हिशेब इथे चालत नाही. तुम्ही दिवसभर वाकता, उठता-बसता आणि दहा किलोचं मूल उचलता. शिवाय कळा सुरू झाल्या तर तुमच्या ताब्यात इतरांची मुलं असतात. जुळी असतील, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, वार खाली असेल किंवा रक्तदाब वर जात असेल, तर ही तारीख डॉक्टरांना विचारून आणखी अलीकडे आणा.

१८ ऑगस्टच्या मागे तीन महिने, म्हणजे १८ मे. त्या दिवसापर्यंत सगळ्या घरांच्या हातात लेखी सूचना गेलेली हवी. १२ आठवडे ३ मार्चला पूर्ण होतात. त्या सुमाराची सोनोग्राफी व्यवस्थित आली की सांगायला सुरुवात करा. पुढे मोजलं तर प्रसूतीनंतरचे सहा आठवडे २७ ऑक्टोबरला आणि बारा आठवडे ८ डिसेंबरला भरतात. परतीची तारीख ८ डिसेंबरच्या आधीची देऊ नका. सिझेरियन झालं तर आणखी तीन-चार आठवडे हातचे ठेवा.

आता या तारखा पाळणाघराच्या वर्षावर ठेवून बघा. आपल्याकडे हे वर्ष जूनला फिरतं. तीन-साडेतीन वर्षांची मुलं बालवाडीत, नर्सरीत जातात आणि नवी तान्ही येतात. मे महिन्यात बरीच मुलं आजोळी असतात, दिवाळीतही आठ-दहा दिवस गर्दी कमी असते. बाळंतपण एप्रिल-मेमध्ये असेल तर संख्या आपोआप उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये नव्या मुलांसह उभं राहता येतं. अवघड असतं जुलै ते सप्टेंबरचं बाळंतपण, कारण जूनला घेतलेली मुलं रुळतात न रुळतात तोच तुम्ही दार लावता. अशा वेळी जूनला नवं तान्हं घ्यायचंच नाही. फीकडे बघून मोह होतो, पण दोन महिन्यांसाठी घेतलेलं सहा महिन्यांचं बाळ तुमच्या सातव्या-आठव्या महिन्यात तुम्हाला सर्वांत जास्त उचलायला लावतं.

कोणाला कधी सांगायचं

मदतनीस मावशींना पहिल्याच महिन्यात सांगा. त्यांना न सांगता वजन उचलणं कसं थांबवणार? आईबापांपैकी सर्वांत आधी सांगायचं ते ज्यांनी पुढच्या तान्ह्यासाठी जागा बोलून ठेवली आहे त्यांना. त्या आईची रजा ठरलेली असते. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठच प्रसूतीआधी घेता येतात, त्यामुळे तिचं बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं झालं की तिला परतावंच लागतं. तिला उशिरा कळलं तर तिची नोकरीच अडते. त्यानंतर दीड वर्षाखालच्या मुलांचे आईबाप आणि शेवटी मोठ्यांचे.

आधी समोरासमोर किंवा फोनवर सांगा आणि त्याच संध्याकाळी लेखी पाठवा. व्हॉट्सॲप गटावर पहिली बातमी टाकू नका. एकाने ‘मग आमचं काय?’ लिहिलं की उरलेले सहा जण तेच लिहितात. मजकूर साधा असावा:

‘नमस्कार. सप्टेंबरमध्ये माझं बाळंतपण आहे. पाळणाघराचा शेवटचा दिवस १८ ऑगस्ट असेल. ८ डिसेंबरपासून पुन्हा सुरू करायचा विचार आहे. नक्की तारीख १० नोव्हेंबरपर्यंत कळवीन. मधल्या काळासाठी जवळच्या दोन पाळणाघरांशी बोलले आहे, हवं असल्यास नंबर देते. ऑगस्टची फी १८ दिवसांचीच घेईन. अनामत रक्कम शेवटच्या दिवशी परत मिळेल किंवा तुम्ही सांगितलंत तर डिसेंबरसाठी ठेवेन. डॉक्टरांनी आधी थांबायला सांगितलं तर मी लगेच फोन करीन. अशा वेळी पहिले पाच दिवस बदली ताई सांभाळतील.’

शेवटच्या वाक्याने आईबाप सर्वांत जास्त निर्धास्त होतात. मात्र ते लिहिण्याआधी बदली ताई खरोखर ठरलेली असू द्या.

संसर्ग: इथे कसूर चालत नाही

लहान मुलांत वावरणाऱ्या गरोदर बाईला खरा धोका शेंबूड, लाळ आणि शी-शूतून येतो. सगळेच आजार सारखे नाहीत, म्हणून कशाला घाबरायचं आणि कशाला नाही ते नीट समजून घ्या.

कांजिण्या सर्वांत आधी. तुम्हाला लहानपणी येऊन गेल्या असतील तर बहुधा काळजी नाही. आठवत नसेल तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना व्हेरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करायला सांगा. लस गरोदरपणात देता येत नाही. अजून दिवस राहिले नसतील आणि तसा विचार असेल तर आत्ताच दोन डोस पूर्ण करा आणि नंतर किमान एक महिना थांबा. रुबेलाचंही हेच: तपासणी आधी, लस आधी, मग महिनाभर थांबणं. पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला बाळाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा करतो. गोवर-रुबेलाची लस सरकारी वेळापत्रकात आहे, कांजिण्यांची नाही. ती आईबापांनी खासगीत दिली असेल तरच मुलाला मिळालेली असते. म्हणून प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाचा फोटो मागवून घ्या आणि कांजिण्यांची लस कोणाकोणाला नाही याची वेगळी यादी करा.

कांजिण्यांचं मूल पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवतं आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरवत राहतं. काही घरांत ‘माता आल्या’ म्हणून डॉक्टरांकडे जात नाहीत आणि पाळणाघरालाही सांगत नाहीत. त्यांना आधीच प्रेमाने, पण स्पष्ट सांगा: लपवलंत तर माझ्या बाळाला धोका आहे. तुम्हाला प्रतिकारशक्ती नसेल आणि अशा मुलाबरोबर एका खोलीत पंधरा मिनिटंही गेली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. संपर्कानंतर ठरावीक दिवसांतच देता येणारं प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं; पुरळ येण्याची वाट बघितली तर त्याची वेळ निघून जाते. प्रसूतीच्या आसपासच्या कांजिण्या नवजात बाळासाठी फारच वाईट, म्हणूनही ३६ आठवड्यांना थांबायचं.

दुसरा विषाणू सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. त्याची चर्चा कमी होते, पण पाळणाघराशी त्याचा संबंध सर्वांत जवळचा. दोन-तीन वर्षांखालचं मूल ठणठणीत दिसत असतानाही महिनोन्‌महिने लाळेतून आणि लघवीतून तो टाकत राहतं. आजारी मूल घरी ठेवून हा थांबत नाही. तो थांबतो तुमच्या सवयीने. आणि आपल्याकडची सर्वांत घातक सवय म्हणजे उष्टं खाणं. वाटीत दोन घास मऊ भात उरला, टाकवत नाही, तोंडात टाकला. गरोदरपणात हे पूर्ण बंद. वरण गरम आहे का ते बघायला त्याच चमच्याने चाखू नका. मनगटावर थेंब टाका किंवा वेगळा चमचा घ्या. पापी घ्यायची तर डोक्यावर घ्या, ओठांवर किंवा गालावर नको. लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर, भरवल्यावर आणि तोंडात गेलेली खेळणी उचलल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. सॅनिटायझर बाहेर जाताना ठीक, पण शी-शूनंतर साबण-पाणीच हवं.

एखाद्या मुलाचे दोन्ही गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल झाले आणि मग हातांवर जाळीदार पुरळ आलं, तर तो पार्व्होव्हायरस असू शकतो. गाल लाल व्हायच्या आधीच त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यामुळे मुलाला घरी पाठवून उपयोग नाही. तुम्ही रक्त तपासून घ्यायचं. पहिल्या २० आठवड्यांत हे विशेष महत्त्वाचं. पावसाळ्यात हमखास येणारा हात-पाय-तोंडाचा आजार त्यामानाने सौम्य आहे. त्याने घाबरून पाळणाघर बंद करायची गरज नाही, मात्र शेवटच्या महिन्यात झाला तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

पावसाळ्यातली कावीळही लक्षात ठेवा. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई गरोदर बाईला जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. मुलांचं आणि तुमचं पिण्याचं पाणी उकळूनच घ्या, फिल्टर असला तरी टाकीचा भरवसा धरू नका.

टेबल, पॉटी आणि फरशी पुसायला बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं द्रावण असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलि पुरतं. खिडकी उघडी ठेवा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या आणि हे काम मावशींकडे द्या. ते टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो. तोंडात जाणारी खेळणी साबणाने धुऊन उन्हात वाळवली की झालं.

तुमच्या लसींमध्ये टीडीचे (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचे) डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतात. फ्लूची लस आणि २७ ते ३६ आठवड्यांमध्ये डांग्या खोकल्यासह असलेली टीडॅप घ्यायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पाळणाघर चालवता हे सांगितलंत की त्यांचा सल्ला बदलू शकतो. बऱ्याच जणी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या होतात आणि मग डॉक्टरांना हा धोका कळतच नाही.

उचलणं, बसणं, दिवसाचा क्रम

एक वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं, दोन वर्षांचं बारा किलोच्या आसपास. २० आठवड्यांनंतर अधूनमधून उचलायचं वजन साधारण १२ किलोच्या आत, आणि तासन्‌तास पुन्हापुन्हा उचलायचं असेल तर सहा किलोच्या आत ठेवावं, असे मार्गदर्शक आकडे आहेत. तेही वजन अंगाशी धरून आणि कंबरेच्या उंचीवरून उचलताना. थोडक्यात, सहाव्या महिन्यापासून फरशीवरून मूल उचलणं तुमचं काम नाही.

त्यासाठी घराची मांडणी बदलावी लागते. लंगोट बदलायची गादी जमिनीवरून उचलून ८५-९० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम टेबलावर न्या आणि खाली दोन पायऱ्यांचं लाकडी पाट-स्टूल ठेवा. दीड वर्षांची मुलं हात धरून आनंदाने चढतात, पंधरा दिवसांत सवय होते. टेबलावर मूल असताना एक हात त्याच्या अंगावर राहिलाच पाहिजे. भरवताना मांडी घालून जमिनीवर बसण्याऐवजी तुम्ही बुटक्या खुर्चीवर बसा आणि मुलांना पाटावर बसवा. ज्या मुलाला कडेवर घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला ‘तू माझ्याजवळ ये, मी बसते’ ही सवय चौथ्या महिन्यातच लावा. आठव्या महिन्यात एकदम कडेवर घेणं थांबवलं तर ते आक्रोश करतं आणि तुम्ही शेवटी उचलताच.

पहिल्या तीन महिन्यांत सकाळी आठची वेळ सर्वांत कठीण. मळमळ आणि डबे उघडण्याचा वास एकाच वेळी येतो. मावशींची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे आणा आणि पहिला लंगोट, पहिला खाऊ त्यांच्याकडे द्या. उशाशी कोरडं बिस्किट किंवा चुरमुरे ठेवा, उठायच्या आधी खा.

दुपारी एक ते तीन मुलं झोपतात तेव्हा डाव्या कुशीवर आडव्या व्हा, पण घरात दुसरं मोठं माणूस जागं नसेल तर डोळा लागू देऊ नका. गरोदरपणातली झोप गाढ लागते आणि रांगणारं मूल आवाज न करता उठतं. एकट्या असताना बसून पाय स्टुलावर टाकणं एवढाच आराम. याच कारणासाठी सहाव्या महिन्यापासून मदतनीस पूर्ण दिवसाची हवी. अर्ध्या दिवसाची पुरत नाही.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते, आणि कॅल्शियमबरोबरही घेऊ नये. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. पाळणाघराच्या दिवसात सोपा क्रम असा: नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, आणि मुलांना झोपवून झाल्यावर दुपारी लोह. तपासण्यांच्या तारखाही आधी रोखून ठेवा. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला आणि २४ ते २८ आठवड्यांतल्या साखरेच्या चाचणीला अर्धा दिवस जातो. साखरेच्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तास तिथेच बसायचं असतं. सरकारी दवाखान्यात जात असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. आईबापांना ‘दर ९ तारखेला दुपारी एकपर्यंतच’ असं सहा महिन्यांचं एकदाच सांगून टाका.

पैसे

समजा सात मुलं आहेत आणि फी सरासरी ५,५०० रुपये. महिन्याला ३८,५०० येतात. मदतनिसाचे ९,०००, दूध-भाजी-खाऊचे ६,०००, वीज-गॅसचे २,०००, साबण-टिश्यू-किरकोळ १,५०० असे १८,५०० जातात आणि हातात २०,००० उरतात. १८ ऑगस्ट ते ८ डिसेंबर म्हणजे जवळजवळ चार महिने बंद, ८०,००० गेले. मावशींना अर्धा पगार चालू ठेवायचा, म्हणजे १८,००० आणखी. हा पगार वाचवू नका. चार महिने बिनपगारी बसवलेली चांगली मावशी परत येत नाही, ती दुसरं घर धरते. आणि तुम्ही परताल तेव्हा तुमच्यापेक्षा मुलं तिलाच ओळखत असतात. परतीच्या पहिल्या महिन्यात तीनच मुलं असतील, तर फीचे १६,५०० आणि खर्च साधारण १५,०००. म्हणजे त्या महिन्यातही १८,५००ची तूट. एकूण १,१६,५००.

सात महिन्यांत एवढे साठवायचे तर महिन्याला साधारण १६,६०० बाजूला काढावे लागतील, आणि उरतात २०,०००. बहुतेक घरांना हे शक्य नसतं. म्हणून बंद असलेल्या चार महिन्यांच्या तोट्यातला अर्धाच, म्हणजे ४०,०००, भरून काढायचं लक्ष्य ठेवा. ते धरून ७६,५०० होतात, महिन्याला ११,०००च्या आत. फी जमा होईल त्याच दिवशी आवर्ती ठेवीत वळती करा. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं की काहीच उरत नाही. दवाखान्याचा खर्च यात नाही, तो वेगळा धरा. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका: प्रसूतीसाठी बहुतेक पॉलिसींत नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे दिवस राहिल्यावर काढलेली पॉलिसी या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही.

सर्वांत जास्त जणी अडतात त्या अनामत रकमेवर. सात मुलांची एकेका महिन्याची अनामत म्हणजे ३८,५००. ती हळूहळू घरखर्चात गेलेली असते आणि बंद होताना सगळे एकाच आठवड्यात मागतात. ते पैसे आजच वेगळ्या खात्यात ठेवा, नसतील तर पहिली बचत तिथेच भरा.

बंद काळाची पूर्ण फी मागू नये, असं आमचं ठाम मत आहे. आईबाप त्या महिन्यांत दुसरीकडे पैसे भरत असतात. जागा राखून ठेवायला महिन्याला ५०० ते १,००० घेता येतात, पण ते परतल्यावर पहिल्या फीतून वळते करायचे, आणि तसं लिहून द्यायचं. हे उत्पन्न नाही, आगाऊ रक्कम आहे. खर्च केलीत तर डिसेंबरची फी कमी येईल.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांखाली असणं किंवा ई-श्रम कार्ड असणं, अशा काही निकषांपैकी एक पुरतो. अर्ज भागातल्या अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे करता येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्याने पैसे अडकतात, तेवढं आधी तपासा.

बदली ताई की दुसरं पाळणाघर

बाळंतीण आणि नवजात बाळ घरात असताना त्याच घरात बदली ताईने मुलं सांभाळणं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते करू नये. दार वाजलं की बाळ उठतं, मुलं तुमच्याकडे यायला रडतात आणि शेंबडी मुलं पाळण्याशी पोचतात. सहाव्या आठवड्याची पहिली पेंटाव्हॅलंट लस होईपर्यंत बाळाला डांग्या खोकल्यापासून स्वतःचं असं काहीच संरक्षण नसतं, आणि पुढचे डोस १० आणि १४ आठवड्यांना असतात. तुम्ही माहेरी जाणार असाल आणि घर रिकामं असेल, तरच बदली ताईचा विचार करा.

एरवी जवळच्या पाळणाघराशी आपसांत बोलणं चांगलं. तिच्याकडे तीन-चार जागा हव्यात, फी तिची तीच घेईल, मुलं परत पाठवायची हे तोंडी ठरवा. तिच्या बाळंतपणात किंवा आजारपणात तुम्ही तेच कराल. काही मुलं तिथेच रमतील, परत येणार नाहीत, हे धरून चाला. त्यांना अडवू नका, चांगल्या शब्दांत निरोप द्या. धाकटी भावंडं पुढे तुमच्याकडेच येतात.

बदली ताई ठेवायचीच तर आधार कार्डाची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करून घ्या आणि किमान दोन आठवडे तुमच्यासोबत काम करू द्या. त्या पंधरवड्यात प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान लिहून काढा. ‘आवडतं-नावडतं’ असं मोघम नको. असं लिहा: ‘वरणभात तुपाशिवाय गिळत नाही. झोपताना उजवा पाय चोळावा लागतो, थोपटलेलं आवडत नाही. “मम्” म्हणजे पाणी, जेवण नाही. शेंगदाण्याने पुरळ येतं, कूटही नको. घ्यायला आई किंवा आजोबाच. काका आले तर आईला फोन.’ अशा पानामुळे नव्या माणसाजवळ मूल पहिल्याच दुपारी झोपतं.

अचानक जावं लागलं तर

दाराजवळच्या खुंटीवर एक पिशवी सातव्या महिन्यापासून टांगलेली असू द्या: तुमची फाइल, रक्तगट, आधार, दवाखान्याचा नंबर आणि सगळ्या आईबापांचे दोन-दोन नंबर लिहिलेला कागद. मोबाइलमध्ये आहेत म्हणून चालणार नाही. मोबाइल तुमच्याबरोबर जाईल. शेजारच्या एका विश्वासू काकू किंवा वहिनींना आधीच विचारून ठेवा आणि आईबापांना त्यांचं नाव कळवा. तुम्ही निघालात की मावशी मुलांपाशी राहतील आणि शेजारीण फोन करेल. एकाच बाईने दोन्ही करू नये. महिन्यातून एकदा शेजारणीला बोलावून घड्याळ लावून बघा, किती मिनिटांत येते आणि कागद सापडतो का.

रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजणं, ताप, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यांपैकी काहीही झालं तर मुलं घरी जाईपर्यंत थांबू नका. १०८ला फोन करा. संध्याकाळी सहापर्यंत कळ काढणं, हीच या धंद्यातल्या बाईची सर्वांत धोक्याची सवय आहे.

परत सुरू करताना

सव्वा महिना पूर्ण विश्रांती घ्या. शेक-शेगडी करणार असाल तर खोली बंद ठेवू नका, कोळशाचा धूर बाळाला आणि तुम्हाला दोघांनाही घातक. सिझेरियननंतर सहा आठवडे स्वतःच्या बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणजे पाळणाघरातलं कोणतंही मूल नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना थेट विचारा, ‘दहा किलोचं मूल दिवसातून वीस वेळा उचलू का?’ ‘काम करू का?’ असं विचारलं तर त्यांना पोळ्या लाटणं वाटतं.

परतताना पहिला नियम: तुमचं बाळ ही एक जागा आहे, आणि ती सर्वांत जास्त वेळ खाणारी. नऊ तासांच्या दिवसात तीन-चार वेळा अंगावर पाजणं, प्रत्येक वेळी अर्धा तास, म्हणजे दीड-दोन तास तुमचे हात मोकळे नाहीत. तेवढा वेळ मावशी एकट्या असतात, तर त्यांना एकटीला जेवढी मुलं झेपतील तेवढीच घ्यायची. आधी सात असतील तर आता पाचच्या पुढे जाऊ नका. पहिल्या आठवड्यात तीन वर्षांपुढची दोन मुलं, अर्धा दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीच पूर्ण दिवस आणि आणखी एक. वर्षाखालचं दुसरं तान्हं मात्र तुमचं बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागेपर्यंत नको.

बाळाचा पाळणा वेगळ्या खोलीत ठेवा आणि दाराला मुलांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी लावा. मोठ्या मुलांना बाळाच्या पायांना हात लावू द्या, तोंडाला आणि हातांना नाही. बाळ हात चोखतं. खोकणाऱ्या मुलाला ‘आज घरीच राहू दे’ असं सांगायला सुरुवातीचे तीन महिने अजिबात कचरू नका. हे परतीच्या निरोपातच लिहून टाका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत राहिलं, झोप लागेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो थकवा समजून सोडून देऊ नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. अशा अवस्थेत पुन्हा सुरू करायची तारीख एक महिना पुढे ढकलायची, आणि आईबापांना फक्त ‘डॉक्टरांनी आणखी चार आठवडे विश्रांती सांगितली आहे’ एवढंच कळवायचं. याहून जास्त कारण द्यायची गरज नाही.